शहराचा मध्य कोणाचा? नागपूरची मेट्रो, अजनीची झाडं आणि पांढरकवड्याचं बसस्थानक

पांढरकवड्यात बसून मेट्रोवर बोलायचं म्हटलं की लोक आधी हसतात. इथे साधी रेल्वे गावात येत नाही आणि हे मेट्रोचं काय घेऊन बसले! पण एक गोष्ट बघा. या सभागृहातल्या जवळपास प्रत्येकाचं वर्षातून दोन-चारदा तरी नागपूरला जाणं होतंच. कुणाचं मेडिकलला, कुणाचं कोर्टात, कुणाचं पोरीच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी. दीडशे किलोमीटरचा प्रवास, तोही बहुतेक एसटीने. म्हणजे नागपूरच्या मध्यभागात काय बांधलं जातं, काय पाडलं जातं, स्टँड कुठे राहतं, याच्याशी आपला संबंध आहे. फक्त त्या चर्चेत आपल्याला कुणी विचारत नाही. आणि जो वाद तिथे दहा-बारा वर्षं चालला तोच, आकाराने लहान होऊन, आता तालुक्याच्या गावांच्या दारात आलाय. म्हणून आज आपण नागपूरपासून सुरू करू आणि इथल्या एसटी स्टँडवर येऊ.

आधी तुमच्या ओळखीचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. हिंगणघाट, जाम, बुटीबोरी करत गाडी वर्धा रोडने नागपुरात शिरते. खापरीला मेट्रो दिसायला लागते. विमानतळापर्यंत ती बरीचशी जमिनीवरूनच, रस्त्याच्या बाजूने धावते. मग ती खांबांवर चढते. त्यापुढे अजनी चौकापर्यंतचा जो तुकडा आहे तिथे तीन मजले आहेत: खाली जुना रस्ता, मध्ये उड्डाणपूल, सगळ्यात वर मेट्रो. साधारण सव्वातीन किलोमीटरचं हे बांधकाम 2020 च्या नोव्हेंबरात वाहतुकीला खुलं झालं. त्याच्या विक्रमाच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. एक बातमी मात्र लोक विसरले. छत्रपती चौकात आधीच एक उड्डाणपूल होता. फार जुनाही नव्हता. मेट्रोला वाट करून देण्यासाठी तो 2016 मध्ये पाडला.

आम्हाला या चर्चेत तो पाडलेला पूल फार महत्त्वाचा वाटतो. पूल पाडणं चूक होतं असं आमचं म्हणणं नाही. पण तो बांधताना कुणी विचारलं नव्हतं, की बाबांनो, पंधरा-वीस वर्षांनी या रस्त्यावर माणसं कशाने प्रवास करतील? शहरात रस्ता, पूल, बस, मेट्रो या गोष्टी वेगवेगळ्या खात्यांच्या असतात. महामार्ग एकाचा, शहरातले रस्ते महापालिकेचे, काही जमिनी नागपूर सुधार प्रन्यासच्या. हा प्रन्यास 1936 च्या कायद्याने आलेला. एसटी महामंडळ वेगळं, शहर बस वेगळी, रेल्वे तर दिल्लीची. प्रत्येक जण आपापलं चांगलं काम करतो आणि माणूस मात्र दोन चांगल्या कामांच्या मधल्या खड्ड्यात उभा राहतो.

आता मेट्रोचा हिशोब. 2014 च्या ऑगस्टमध्ये नागपूर मेट्रोला केंद्राची मंजुरी मिळाली आणि लगेच 21 ऑगस्टला भूमिपूजन झालं. पहिल्या टप्प्याची किंमत 8,680 कोटी रुपये आणि लांबी अडतीस किलोमीटरच्या वर. भागून बघा, किलोमीटरला सव्वादोनशे कोटींच्या आसपास येतात. पैसा केंद्राचा, राज्याचा, थोडा स्थानिक संस्थांचा आणि मोठा भाग कर्जाचा. जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेचं 50 कोटी युरोचं कर्ज, शिवाय फ्रान्सच्या विकाससंस्थेचं. मार्च 2019 मध्ये खापरी ते सीताबर्डी गाडी सुरू झाली, जानेवारी 2020 मध्ये लोकमान्य नगरची लाईन, आणि 11 डिसेंबर 2022 ला पहिला टप्पा पूर्ण झाला. उत्तर-दक्षिण जाणारी ऑरेंज लाईन, पूर्व-पश्चिम जाणारी अ‍ॅक्वा लाईन, आणि दोन्ही बर्डीला एकमेकींना छेदतात.

काम वेगाने झालं हे मान्य करायला हवं. भारतातल्या बऱ्याच शहरांना हे जमलेलं नाही. वाद वेगाचा नव्हताच. वाद तीन गोष्टींवर होता: एवढे प्रवासी येणार का, आलेल्या प्रवाशाने पुढे जायचं कसं, आणि मेट्रोच्या दोन्ही बाजूंच्या जमिनीचं काय.

पहिला मुद्दा पटकन संपवू. अंदाज मोठे होते, प्रत्यक्षात प्रवासी त्याच्या बरेच खाली राहिले. पूर्ण टप्पा सुरू झाल्यावर रोजचा आकडा लाखाच्या आसपास रेंगाळला, नववर्षासारख्या एखाद्या दिवशी तो उसळी मारतो. पण नागपूरला हसायचं काही कारण नाही. बेंट फ्लिव्हबर्ग नावाचे डेन्मार्कचे एक अभ्यासक आहेत. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर 2005 साली 14 देशांतले 210 वाहतूक प्रकल्प तपासले. त्यातल्या रेल्वे प्रकल्पांत दहापैकी नऊ ठिकाणी प्रवाशांचा अंदाज फुगवलेला निघाला, आणि सरासरी काढली तर अंदाज प्रत्यक्षाच्या दुपटीहून थोडा जास्तच. म्हणजे हा नागपूरचा स्वभाव नाही, या धंद्याचा स्वभाव आहे. ज्याला प्रकल्प मंजूर करून घ्यायचा आहे तोच अंदाज करून घेतो. आपल्याकडे सोयरीक जमवताना मध्यस्थ पोराची शेती जेवढी सांगतो, तेवढीच ही आकडेवारी धरायची!

केंद्र सरकारलाही हे कळलं असावं. 2017 च्या ऑगस्टमध्ये नवं मेट्रो धोरण आलं. त्यात म्हटलं आहे की मेट्रो मागायच्या आधी बस, बीआरटी, ट्राम असे इतर पर्याय तपासून दाखवा. त्याच्याही आधी, 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात एक साधी गोष्ट लिहून ठेवलेली आहे: वाहनं हलवायची नसून माणसं हलवायची आहेत. नागपूरची मेट्रो 2014 ची, म्हणजे पर्याय तपासण्याची ती सक्ती येण्याच्या आधीची. दुसऱ्या टप्प्याला 2022 च्या डिसेंबरात मंजुरी मिळाली: 43.8 किलोमीटर, 6,708 कोटी. त्यातला साडेअठरा किलोमीटरचा तुकडा मिहानपासून बुटीबोरीच्या एमआयडीसीपर्यंत येतो. हा आपल्या बाजूचा. बुटीबोरीला कामाला जाणारी इकडची पोरं आहेत, त्यांनी हा तुकडा लक्षात ठेवावा.

दुसरा मुद्दा आम्हाला जास्त खरा वाटतो, कारण त्यात तुम्ही आहात. समजा, एक आजी आणि तिचा मुलगा इथून सकाळच्या गाडीने मेडिकलला निघाले. मेडिकल म्हणजे आपल्या अर्ध्या विदर्भाचा दवाखाना. गाडी वर्धा रोडने खापरीला आली, मेट्रो तिथेच दिसते. आता त्यांनी मेट्रो घ्यावी का? मेट्रोची एकही लाईन मेडिकल चौकातून जात नाही. अजनी चौकात किंवा काँग्रेस नगरला उतरलं तरी पुढे ऑटो लागतोच. मग ती माणसं एसटीतच बसून राहतात, गणेशपेठच्या स्टँडवर उतरतात, तिथून ऑटो करतात. गणेशपेठलाही मेट्रो दारात नाही. त्यातल्या त्यात जवळ कॉटन मार्केटचं स्टेशन, पण मध्ये सामान आणि पेशंट घेऊन गर्दीतून चालायचं. स्टेशन नकाशावर जवळ असतं. दुखऱ्या गुडघ्याला ते जवळ नसतं.

याला शहरी वाहतुकीच्या भाषेत शेवटचा टप्पा म्हणतात. मेट्रो कितीही चांगली असली तरी ती दोरीसारखी एका रेषेत जाते. रेषेच्या दोन्ही बाजूंना माणसं आणून सोडायचं काम बसचं. त्यामुळे शहर बस अशक्त असेल तर मेट्रोही अशक्त राहते. नागपुरात मेट्रोवर जेवढं बोललं गेलं त्याच्या पावभरही ‘आपली बस’वर बोललं गेलं नाही. बसचं भूमिपूजन होत नाही, हे त्याचं एक कारण असावं. पुण्यात तर उलटाच प्रकार झाला. तिथे 2006 च्या डिसेंबरात कात्रज-स्वारगेट-हडपसर असा बीआरटीचा प्रयोग देशात सगळ्यात आधी सुरू केला. रस्त्याच्या मधोमध बससाठी वेगळी वाट. कल्पना चांगली होती, बांधणी कच्ची होती. थांबे, रस्ता ओलांडायची सोय, काहीच धड नव्हतं. लोक वैतागले आणि दोष सगळा कल्पनेला लागला. अहमदाबादने तीन वर्षांनी तेच नीट करून दाखवलं. पण पुण्यात तोवर ‘बसने काही होत नाही, मेट्रोच पाहिजे’ हे वाक्य ठरून गेलं होतं.

तिसरा मुद्दा जमिनीचा. इथे थोडं सावकाश जाऊ, कारण वाद खरा इथे आहे आणि भाषा मुद्दाम अवघड ठेवलेली असते.

एफएसआय म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक. तुमचा प्लॉट हजार चौरस मीटरचा असेल आणि एफएसआय 1 असेल, तर सगळे मजले मिळून हजार चौरस मीटर बांधता येतं. एफएसआय 4 झाला तर त्याच जागेवर चार हजार. जमीन तीच आहे, तिची कमाई चौपट. आता मेट्रो आली की तिच्या दोन्ही बाजूंना 500 मीटरपर्यंत एफएसआय वाढवायचा, जास्तीत जास्त 4 पर्यंत, हे महाराष्ट्राने नागपूर आणि पुण्यासाठी मान्य केलं. यामागचा विचार असा, की स्टेशनजवळ जास्त लोक राहिले, जास्त दुकानं-ऑफिसं झाली, तर ते मेट्रोने फिरतील. आणि वाढीव बांधकामावर सरकार जे अधिमूल्य घेईल त्यातून मेट्रोचा थोडा खर्च निघेल. त्याच कारणाने या शहरांत घर विकत घेताना मुद्रांक शुल्काबरोबर एक टक्का मेट्रो अधिभारही द्यावा लागतो. जमिनीचा भाव सरकारी पैशाने वाढला, तर त्या वाढीतला काही वाटा सरकारकडे परत यावा, हे तत्त्व आम्हाला पटतं. कापसाला भाव मिळाला तर त्यात शेतकऱ्याची मेहनत असते. स्टेशनशेजारच्या प्लॉटला भाव मिळाला त्यात प्लॉटवाल्याने काय केलं? तो तिथे होता, एवढंच.

पण पुढचा प्रश्न विचारायला हवा: तिथे राहणारा कोण? जास्तीचा एफएसआय मिळायला प्लॉट मोठा लागतो आणि समोरचा रस्ता रुंद लागतो. अ‍ॅक्वा लाईन पूर्वेला सेंट्रल अव्हेन्यूवरून जाते. एका बाजूला इतवारी, दुसऱ्या बाजूला महाल. दोन्हीकडे जुनी घरं, लहान गाळे, बारीक गल्ल्या, आणि एका वाड्यात चार भावांचे हिस्से. नकाशावर हे सगळं 500 मीटरच्या आत येतं. नियमात मात्र त्यातल्या फार थोड्यांना काही मिळतं. मोठ्या रस्त्यावरचा मोठा प्लॉट उंच होतो, गल्लीतला वाडा होता तिथेच राहतो. आणि त्या वाड्यात तीस वर्षं भाड्याने असलेला शिंपी, त्याचं नाव तर कुठल्याच कागदावर नसतं. शहराच्या मध्यभागाचा पुनर्विकास म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा याच माणसाचा पत्ता बदलत असतो. बर्डीच्या मेन रोडवरचे हॉकर्सही असेच. त्यांचा वाद कोर्टापर्यंत गेला. 2014 चा पथविक्रेता कायदा म्हणतो की आधी त्यांची पाहणी करा, त्यांच्या प्रतिनिधींसह समिती करा, मग हलवा. आपल्याकडे आधी ट्रक येतो.

आता अजनी. आमच्या मते या सगळ्या चर्चेतलं सगळ्यात शिकण्यासारखं प्रकरण हेच आहे.

अजनी रेल्वे स्टेशनजवळ रेल्वेची जुनी वसाहत आहे आणि तिथे मोठमोठी झाडं आहेत. 2020 च्या सुमाराला तिथे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडून ‘इंटरमोडल स्टेशन’ बांधायचं ठरलं. म्हणजे रेल्वे, एसटी, शहर बस, मेट्रो, सगळं एका जागी. आत्ताच आपण त्या आजीची गोष्ट सांगितली. तिच्या दृष्टीने ही योजना वाईट नव्हती, उलट मेडिकल तिथून हाकेच्या अंतरावर! पण त्यासाठी हजारो झाडं जाणार होती. नागपूरच्या उन्हाळ्यात सावलीची किंमत काय असते ते पांढरकवड्याला सांगायला नको. लोक उभे राहिले. विद्यार्थी, डॉक्टर, सकाळी फिरायला येणारे, पक्षी बघणारे. ‘अजनी वन’ हे नाव त्या लढ्यातून पडलं. महापालिकेकडे झाडं तोडण्याच्या नोटिशीवर हरकतींचा ढीग पडला, नागपूर खंडपीठात याचिका गेल्या.

तेव्हा वर्तमानपत्रांत हा वाद ‘विकास की पर्यावरण’ असा रंगवला गेला. तो तसा नव्हताच. लोक विचारत होते ते फार साधं होतं: एवढी जागा स्टेशनला लागते का, की त्यातली बरीच व्यापारी बांधकामाला लागते आहे? प्रवाशाला बस बदलायला फलाट लागतो, छप्पर लागतं, संडास लागतो. त्याला मॉल लागतो का? या प्रश्नाचं उत्तर नकाशावर मिळायला हवं होतं. ते मिळवायला लोकांना कोर्टात जावं लागलं. आंदोलन, कोर्टाच्या तारखा आणि सरकारी खात्यांचे बदलते बेत, या सगळ्यांत ती मूळ योजना मागे पडली. मग डिसेंबर 2022 मध्ये, मेट्रोचा टप्पा पूर्ण झाला त्याच दिवशी, अजनी स्टेशनच्या वेगळ्या, रेल्वेच्या स्वतःच्या पुनर्विकासाची पायाभरणी झाली. झाडांचा मोठा भाग वाचला, हे चांगलंच झालं. पण सगळं एका जागी आणायचा जो मूळ विचार होता, तो त्या गदारोळात हरवला, आणि आजी अजून गणेशपेठलाच उतरते. लहान आकाराचं, झाडं राखून, फक्त प्रवाशांसाठीचं स्टेशन असा तिसरा पर्याय कुणी नीट काढून टेबलावर ठेवलाच नाही. सरकारनेही नाही, आणि खरं सांगायचं तर आंदोलनालाही तेवढी उसंत मिळाली नाही.

न्यूयॉर्कमध्ये 1960 च्या दशकात असाच एक लढा झाला होता. मॅनहॅटनच्या जुन्या वस्त्यांमधून दहा पदरी उन्नत रस्ता काढायचा बेत होता. जेन जेकब्ज नावाच्या एका लेखिकेने आणि तिच्या शेजाऱ्यांनी तो अडवला. ती नगररचनाकार नव्हती. तिचं म्हणणं होतं की रस्त्यावर कोण कधी चालतं, दुकान कोण किती वाजता उघडतं, हे त्या गल्लीतल्या माणसाला नकाशा काढणाऱ्यापेक्षा जास्त कळतं.

आता गावाकडे येऊ. इथे मेट्रो नाही, सेंट्रल अव्हेन्यू नाही. पण शहराचा मध्य आहे, आणि तो म्हणजे एसटी स्टँड. 1 जून 1948 ला अहमदनगर-पुणे अशी पहिली एसटी धावली, आणि त्यानंतर राज्यभर स्टँडच्या भोवती बाजार वाढले. रसवंती, पेपरवाला, मेडिकल स्टोअर, झेरॉक्स, बियाण्यांची दुकानं. मग चौपदरी महामार्ग झाले, त्यांनी गावांना वळसा घातला आणि लांब पल्ल्याच्या गाड्या बाहेरून पळायला लागल्या. आपला महामार्ग तर श्रीनगर ते कन्याकुमारी जाणारा. त्यावरच्या ट्रकला पांढरकवडा म्हणजे एक पाटी. गावातली ट्रकची गर्दी कमी झाली, अपघात बाहेर गेले, हे बरंच झालं. पण रात्रीच्या गाडीने ड्रायव्हरने बायपासवर उतरवून दिलं, तर एकट्या बाईला तिथून गावात यायला काय आहे? तोही शेवटचा टप्पाच. त्याला मेट्रो लागत नाही. तिथे एक दिवा, एक शेड आणि ठरलेल्या वेळेला एक गाडी लागते.

आणि जमिनीचा मुद्दा? तोही आलाय. एसटी महामंडळाकडे राज्यभर मोक्याच्या जागा आहेत, गावाच्या अगदी मधोमध. महामंडळ तोट्यात आहे, म्हणून या जागा खासगी विकासकांना दीर्घ भाडेपट्ट्याने द्यायच्या, त्यांनी स्टँड बांधून द्यायचं आणि उरलेल्या जागेवर व्यापारी संकुल करायचं. हा पट्टा आधी 30 वर्षांचा असे, मग 60 झाला, आणि 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो 49 अधिक 49 असा 98 वर्षांपर्यंत नेला. अठ्ठ्याण्णव वर्षं म्हणजे आज इथे बसलेल्यांच्या नातवंडांचाही हिशोब त्यात धरला गेला.

इथे एक तुलना करून बघा. 17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट झालं. त्याच्या आधी, 2022 च्या ऑगस्टपासून 75 वर्षांवरच्यांना प्रवास मोफत झाला. एक खांब उभारला नाही, एक झाड तोडलं नाही, आणि बायका भरभरून प्रवास करायला लागल्या. माहेरी, बाजाराला, दवाखान्यात. या सवलतीचा भार महामंडळावर पडतो, सरकारकडून पैसे वेळेवर यायला हवेत, हे सगळं खरं. तरी वाहतूक सुधारणं म्हणजे बांधकामच, ही समजूत या एका निर्णयाने ढिली व्हायला हरकत नाही.

व्याख्यानानंतर एका ताईंनी प्रश्न विचारला तो इथे देतो. त्या म्हणाल्या, “सर, स्टँड नवीन झालं तर आम्हाला पाहिजेच आहे. आत्ताच्या संडासात पाय ठेववत नाही. मग बीओटीला विरोध कशाला करायचा?”

ताई, विरोध करा असं आम्ही म्हणतच नाही. नकाशा मागा असं म्हणतो. आज किती फलाट आहेत आणि नव्या स्टँडला किती राहतील? दुकानं तळमजल्यावर आणि प्रवासी कोपऱ्यात, असं तर नाही ना? बांधकामाची दोन-तीन वर्षं गाड्या कुठून सुटणार, आणि तिथे पाणी-सावली कोण देणार? आज जो रसवंतीवाला आहे त्याला नव्या इमारतीत गाळा कुठल्या भाड्याने? संडास साफ ठेवायची जबाबदारी करारात कुणाच्या नावावर आहे आणि नाही ठेवला तर दंड काय? हे सगळे प्रश्न करारावर सही व्हायच्या आधीचे आहेत. सही झाल्यावर त्यांचं उत्तर एकच असतं: करारात तसं नाही.

आणि दुसरं, शहराचा विकास आराखडा. 1966 च्या नगररचना कायद्याप्रमाणे आराखडा करताना, किंवा त्यातलं एखादं आरक्षण बदलताना, नगर परिषदेला ते जाहीर करून हरकती मागवाव्या लागतात. मुदत साधारण 30 दिवसांची. जाहिरात पेपरात आतल्या पानावर, बारीक अक्षरात येते, आणि बहुतेक गावांत ती आधी प्लॉटचा धंदा करणाऱ्यांना कळते. हरकत लिहायला वकील लागत नाही. साध्या कागदावर, मराठीत, सर्व्हे नंबर आणि आपलं म्हणणं. ती दिली की सुनावणीला बोलावतात. पोच मात्र घ्यायची, शिक्क्यासकट.